मावशीलाही नाही

३ ऑगस्ट, दुकानातून

रुसूबाई,

आशीर्वाद आणि खुशाली मागाहून, आधी बातमी. तुझी आई कॉलेजात जायला लागली. पोट धरून हसून घे, मग पुढे वाच.

खोटं वाटत असेल तर तुझ्या मैत्रिणीला विचार. ती आता आपल्याच कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर बसते. माझ्या ओळखपत्रावर शिक्का तिनेच मारला. फोटोत मी चोरासारखी दिसते. हे पत्रही तिच्याच हाती देते आहे, कारण तुझा पत्ता तिला ठाऊक आहे आणि मला नाही. मी मागून पाहिला. "काकू, पत्र द्या, मी पाठवीन. पत्ता मात्र विचारू नका," म्हणाली. माझ्या शिलाई मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करणारी ती पोरगी, मला म्हणते विचारू नका! मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. मग पत्र तर द्यायचं होतं, म्हणून बोलले.

या वयात कॉलेजात का गेलीस, असं मला सगळेच विचारतात. मी सांगते की दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, रिकामं बसण्यापेक्षा बरं. पँटची उंची कमी करायला आलेल्या माणसाला एवढं पुरतं. तुला खरं सांगते. तू त्या इमारतीत जात होतीस, मग शेवटच्या वर्षी परीक्षेला न बसता एक बॅग घेऊन निघून गेलीस, आणि आत नक्की काय असतं ते मला माहीतच नव्हतं. मी फाटकापर्यंतच आले होते, तुझा डबा द्यायला. म्हटलं, आत जाऊन बघावं.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळा वर्ग चिडीचूप. मला शिक्षिका समजले. मी मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा हशा पिकला. मीही हसले. काय करणार!

तुझी मावशी बरी आहे. माझं दप्तर तिनेच आणलं, लाल रंगाचं, शाळेत जाणाऱ्या पोरीला शोभेलसं. रोज संध्याकाळी दुकानात येते, स्टुलावर बसते आणि विचारते, "काही कळलं?" मी नाही म्हणते. मग ती बटणांचा डबा पुढे ओढून रंगाप्रमाणे लावत बसते.

तब्येतीला जप.

तुझी आई


२६ ऑगस्ट, कॉलेजच्या कॅन्टीनमधून

रुसूबाई,

तू मला ब्लॉक केलं आहेस, हे मला आज कळलं.

हसू नकोस. मी खरंच समजत होते की तू जिथे आहेस तिथे नेटवर्क नसेल. रोज सकाळी दुकान उघडलं की फोन लावायचा आणि तिकडून ती बाई काही तरी बोलली की ठेवायचा. वर्गात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची एक पोरगी बसते. कानात सदैव हेडफोन, म्हणून मी तिला हेडफोनवाली म्हणते. तिला म्हटलं, बाई, जरा बघ हा फोन बिघडलाय का. तिने बघितलं, आणि हेडफोन काढून गळ्यात अडकवले. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"काकू, फोनला काही झालेलं नाही. तुम्हाला ब्लॉक केलंय."

"म्हणजे माझा फोन जातो कुठे?"

"कुठेच जात नाही."

तिने मला कॉफी आणून दिली. त्या कॉफीवर बसून हे लिहिते आहे.

मला राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही. एवढ्या एका गोष्टीवरून? तू मला सांगितलंस की तू कॉलेजातल्या समुपदेशक बाईंकडे जातेस, झोप येत नाही, वर्गात जीव घुसमटतो. "आई, कोणाला सांगू नकोस." मी कोणाला सांगितलं? शेजारणीला? गिऱ्हाइकांना? मी फक्त ताईला सांगितलं. अगं, तुझी मावशी म्हणजे कोणी परकी आहे का? मी मशीनवर असताना तुला आंघोळ घालून शाळेत सोडणारी ती. कोणाला सांगू नको असं मला कोणी सांगितलं, तर त्यात ती कधीच नसते. आम्हा दोघींना एकच पोट आहे असं आमची आई म्हणायची.

पुढे तिने केलं ते केलं. तुझ्या पलंगावर बसून तुला समजावलं, तुझ्या सरांना फोन केला, सरांनी वर्गात तुझी चौकशी केली. चांगल्यासाठीच केलं गं तिने. सगळा जन्म तिचा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेला. ती ऐकायची नाहीत असा तिथला नियम होता. तो तिने पाळला आणि त्याची भरपाई घरी केली.

आता राग उतरला. कॉफी गार झाली.

तुझी आई


३० सप्टेंबर, दुकानातून

पोरी,

आमच्या मॅडमनी गटात करायचं काम दिलं आहे. विषय असा की, एकाच वर्गात वेगवेगळ्या वयाची माणसं शिकतात, त्यांच्या वागण्यात पिढीचा फरक कुठे दिसतो. आमच्या गटात हेडफोनवाली, मी आणि एक बसड्रायव्हर. तो अठ्ठावीसचा, लग्न झालेला, सकाळची पाळी करून येतो आणि वर्गात पेंगतो. हेडफोनवालीने त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या काळी कसं होतं?" बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तुमच्या काळी म्हणे! माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, मी आता तुमच्या बाजूला."

प्रश्न काय विचारायचे यावर आमची भांडणं झाली. तिला फोन किती तास बघता असले प्रश्न हवे होते, त्याला नोकरीबद्दलचे. मी म्हटलं, माझा एकच प्रश्न घ्या. "एखाद्याने तुम्हाला काही सांगितलं आणि म्हटलं, कोणाला सांगू नका, तर तुम्ही कोणाला सांगाल?"

दोघांनाही तो आवडला. हेडफोनवाली वर्गातल्या पोरापोरींना विचारून आली, मी आणि ड्रायव्हर मोठ्यांना. चाळिशीच्या पुढची जेवढी माणसं मला त्या कॉलेजात सापडली, एकूण एक म्हणाली, "कोणाला नाही. म्हणजे, बहिणीला सांगेन." "नवऱ्याला सांगेन, तो काय कोणाला बोलतोय." एक बाई तर माझ्यापेक्षा पुढची, ती म्हणाली जिच्याबद्दल आहे तिच्याच आईला सांगेन. ड्रायव्हर म्हणाला, "बायकोला. पण बायकोला सांगितलं म्हणजे सांगितलं असं होत नाही ना."

पोरांपैकी मात्र एकानेही घरच्या माणसाचं नाव घेतलं नाही. मी हेडफोनवालीला विचारलं, मग तू काय करतेस, पोटात ठेवून फुगतेस?

"माझं स्वतःचं असेल तर नाव न लावता नेटवर टाकते."

"म्हणजे हजार माणसांना सांगतेस आणि मावशीला नाही?"

"काकू, ते हजार जण जेवायच्या वेळी माझ्या तोंडाकडे बघत बसत नाहीत."

मला तू आठवलीस. मी ताईला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तिघी जेवत होतो, ताई तुझ्याकडे बघत होती, मी तुझ्याकडे बघत होते, आणि तू मान खाली घालून भरभर जेवत होतीस. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बरं झालं, आज भूक तरी आहे पोरीला.

तुला एवढंच सांगायचं होतं.

आई


१४ नोव्हेंबर, लायब्ररीतून

बाळा,

काल मी इथे कपाटांच्या मागे बसून रडले आणि तुझ्या मैत्रिणीने मला पाणी दिलं. आनंदाने रडले, काळजी करू नकोस.

तिने मला बोलावून फोन दाखवला. हातात नाही दिला, नुसता धरला. मी चष्मा पुसून पुसून वाचलं. "आईची पत्रं मिळतात. तिला सांग, मी पुन्हा कॉलेजला जाते आहे. पहिल्या वर्षाला, भूगोल. पास होईपर्यंत कोणालाही सांगू नकोस म्हणावं. मावशीलाही नाही."

भूगोल! अगं, तू दुकानातून घरी येताना रस्ता चुकायचीस!

कोणालाही का नाही, ते मला कळलं. मागे तुला प्रवेश मिळाला तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, मग नंतर त्या सगळ्या गल्लीने तुला विचारलं, काय गं, झालीस का पास? आता झालीस तर तू सांगणार, नाही झालीस तर कोणाला कळायलाही नको. हेडफोनवालीपण असंच करते. ती गाडी चालवायला शिकली हे तिच्या घरी परवाना आल्यावर कळलं. आधी मला हा चोरटेपणा वाटायचा.

आपण दोघीही पहिल्या वर्षाला. मला हे कोणाला तरी सांगावंसं वाटून जीभ नुसती वळवळते आहे. काल संध्याकाळी ताई दुकानात आली, स्टुलावर बसली, म्हणाली, "काही कळलं?" मी मशीन जोरात चालवलं आणि नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी खोटं बोलले. तिला ते खरं वाटलं. मला वाईट वाटलं आणि थोडा गर्वही वाटला.

माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तुझी शपथ.

आई


५ डिसेंबर, हॉस्पिटलमधून

बाळा,

तुला हे कळवावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. मावशी हॉस्पिटलात आहे. पोटात गाठ निघाली आणि ती जुनी आहे. डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलतात. म्हणाले, शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, दुखू नये एवढं आपण बघू. मी विचारलं, किती? ते म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या.

ताईला सगळं समजलं आहे. ती नर्सबायांच्या चौकशा करते, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं ते मला सांगते. पण त्या बाहेर गेल्या की भिंतीकडे तोंड करते. काल म्हणाली, "पोर माझ्यामुळे गेली."

मी म्हटलं, "असं काही नाही गं."

"मी तिच्या सरांना फोन केला. मला काय गरज होती? तिचं शिक्षण मी मोडलं. आता ती कुठे कोणाच्या दारात काय काम करत असेल."

बाळा, माझ्या तोंडात शब्द आले होते. एकच वाक्य होतं. ती शिकते आहे, ताई, भूगोल शिकते आहे. मी उठून बाहेर गेले आणि पाण्याची बाटली भरून आणली. बाटली भरलेलीच होती.

मला परवानगी हवी आहे. हा शब्द मी आमच्या पोरांकडून शिकले. मावशीला सांगू का, एवढंच कळव. तुझ्या मैत्रिणीने फोनवरही निरोप टाकला आहे. पत्र पोचायला वेळ लागेल, फोन बघ.

आई


९ डिसेंबर

बाळा,

तुझं उत्तर नाही. मैत्रीण म्हणते, तुझी परीक्षा चालू आहे आणि परीक्षेत तू फोन बंद करून कपाटात टाकतेस. दुसरा नंबर तिच्याकडेही नाही. रोज सकाळी मी लायब्ररीच्या दारात उभी असते आणि ती लांबूनच मान हलवते.

आज कॅन्टीनमध्ये मी त्या दोघांना विचारलं. तुझं नाव, विषय काही सांगितलं नाही. म्हटलं, समजा एकीने सांगितलंय कोणाला सांगू नका, आणि दुसरी मरायला टेकली आहे, आणि तिला ते कळलं तर ती शांत होईल. सांगायचं का?

ड्रायव्हर म्हणाला, "त्यात विचारायचं काय? सांगून टाका. मरणाऱ्या माणसाला सांगितलेलं कुठे जाणार आहे?"

हेडफोनवाली म्हणाली, "तिने नाही म्हटलंय ना? मग नाही." ती बराच वेळ चमचा फिरवत बसली. मग म्हणाली, "काकू, माझ्या आईने माझं एक जरी असं ठेवलं असतं ना, तर मी तिला सगळं सांगितलं असतं."

मी तिच्यावर भरवसा ठेवला. ती तुझ्या जवळच्या वयाची आहे. तिला कळत असेल असं वाटलं.

आई


१६ डिसेंबर, दुकानातून

बाळा,

हे पत्र तुझा शेवटचा पेपर झाल्यावरच तुला मिळेल अशी व्यवस्था तुझ्या मैत्रिणीकडे केली आहे. तू स्टेशनवर जायच्या आधी ते तुझ्या हाती पडेल, असं तिने मला वचन दिलं आहे. कसं ते मी विचारलं नाही.

मावशी गेली. तेरा तारखेला सकाळी.

आदल्या दिवशी दुपारी तिला बरं वाटत होतं. मला म्हणाली, उशी उंच कर, केस विंचर. मी विंचरले. तुला शाळेत सोडताना ती तुझ्या वेण्या घालायची, किती घट्ट, तू रडायचीस, ते बोलून आम्ही हसलो. मग तिने माझा हात धरला. तिच्या हातात काही उरलं नव्हतं गं. विचारलं, "पोरीचं काही कळलं?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला तू जेवताना दिसत होतीस, मान खाली घालून. मी शपथ घेतली होती. दोन वर्षांनी तू मला एक गोष्ट सांगितली होतीस, आणि ती फुटली तर तू मला पुन्हा कधी काही सांगणार नव्हतीस. मला तू हवी होतीस. हे खरं कारण आहे. मी तुझ्या मनासाठी गप्प बसले असं म्हणायला बरं वाटेल, पण मला तू परत हवी होतीस आणि ताई तर जाणारच होती.

मी म्हटलं, "नाही गं ताई. काही कळलं नाही."

ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू मला सांगितलंच असतंस. तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का?"

मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळपर्यंत मी तिच्याजवळ बसून होते. ती झोपली की जागी होती, मला सांगता येत नाही. मी हाकही मारली नाही, कारण ती जागी असती तर मी सांगून टाकलं असतं. सकाळी गेले तेव्हा नर्सबाई दारातच भेटली.

काल मी कॉलेजात गेले. घरात बसवेना. लायब्ररीच्या दारात पोचले तर तुझी मैत्रीण काउंटर सोडून धावत आली. मावशी गेल्याचं तिला माहीत नव्हतं, मी कोणाला कळवलंच नव्हतं. "काकू, आलं! उत्तर आलं!" तिने या वेळी फोन माझ्या हातात दिला.

तू लिहिलं होतंस, "मधे सुट्टी होती म्हणून फोन उघडला. आई, हे काय विचारायचं झालं? मावशीला आत्ताच्या आत्ता सांग. माझा तिच्यावर राग नाही, तेही सांग. शेवटचा पेपर झाला की मी येते तिला भेटायला."

मी मैत्रिणीला म्हटलं, बरं झालं. ती खूप खूश होती, तिला तिथे काय सांगू? बाहेर येऊन मग तिला सांगितलं, पायरीवर बसवून. ती रडली. तुला आत्ता कळवू नकोस, पेपर होऊ दे, असं आम्ही दोघींनी ठरवलं. बघ, अजून एक गोष्ट मी पोटात ठेवली. आता मला जमायला लागलं आहे.

तुझ्यावर रागावू का, हे मला कळत नाही. तू नाही म्हणालीस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. हेडफोनवालीवर रागावू? तिने मला पाहिजे तेच सांगितलं. ड्रायव्हर आज दुकानात येऊन बसला होता. त्याने त्याच्या गणवेशाचं एक चांगलं बटण तोडून माझ्यापुढे लावायला ठेवलं, म्हणजे मी काही तरी करत बसेन.

तुम्हा पोरांना मी आता ओळखते. तुमचं 'कोणाला सांगू नका' म्हणजे काय, ते मला समजलं, पेपरात आलं तर मी पानंच्या पानं लिहीन. पण तुला माझं समजावं, असंही मला वाटतं. आम्हा दोघींना एकमेकींना सांगितल्याशिवाय काही घडलंय असं वाटतच नसे. तू चालायला लागलीस ते मी दुकानातून ओरडून तिला सांगितलं, तेव्हा कुठे ते खरं झालं. ताई गेली ते मात्र मी अजून तिला सांगितलेलं नाही. म्हणून मला ते खरं वाटत नाही.

तू ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. कोणाला काही बोलले नाही, तुझा भूगोल माझ्यापाशीच आहे.

काल मैत्रीण आत गेल्यावर मी एकटीच फाटकाशी आले. तुझं ते 'मी येते' डोळ्यांपुढून जात नव्हतं. हसू फुटत होतं मला, रस्त्यात, एकटीला. दप्तर काखेत मारलं, फोन काढला आणि ताईचा नंबर लावला. "अगं, पोर येतेय," एवढंच सांगायचं होतं.

रिंग वाजायला लागली, तेव्हा मला आठवलं.

तुझी आई